बाळंतपण हा पर्याय उपलब्ध नाही

जोहे गावातून परदेशी काय काय जातं, हे महिपती घरतला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गणपती जातात. मॉरिशसला जातात, दुबईला जातात, लंडनला जातात. पेंढ्यात बसून, खोक्यात शिरून, खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण मिरवत जातात. त्यांच्या मागून हल्ली गावातली शिकलेली मुलंमुलीही जातात. पैसे मात्र जात नाहीत. पैसे तिकडून येतात, ही गावाची पक्की समजूत. त्यामुळे ऐन आषाढात, कारखान्यात तीनशे मूर्ती रंगाची वाट बघत बसलेल्या असताना, महिपतीने आपण परदेशी पैसे पाठवणार असं जाहीर केलं, तेव्हा भोगावती नदीचं पाणी घागरीने डोंगरावर चढवायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं लोक त्याच्याकडे बघायला लागले.

कारण साधं होतं. त्याची एकुलती मुलगी सुरभी आयर्लंड नावाच्या देशात कॉर्क नावाच्या शहरात नर्स होती. नवरा आदेश भोईर हा रोहा तालुक्यातल्या निडीचा. कॉर्कमधल्याच एका औषधांच्या कंपनीत कामाला. (कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच, हे शेजारच्या कारखान्याच्या काळुरामने सगळ्यांना समजावून सांगितलं. त्याला हे कसं माहीत, ते गावाला माहीत होतं.) सुरभीला दिवस गेले होते. आता पहिलं बाळंतपण माहेरचं, याला जोह्यात पुरावा लागत नाही. पण सुरभीला डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली, आणि महिपतीची बायको सरू तिकडे जायला निघाली तर व्हिसाचे कागद 'क्षमस्व' असं छापून परत आले. लेक माहेरी येत नाही, आई लेकीकडे जात नाही. राहता राहिला खर्च. तो तरी माहेरचा हवा की नको?

आदेश फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला? आमच्याकडे आहेत पैसे."

जावई चांगला होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी महिपती जेवला नाही. म्हणजे जेवला, पण भाकरी दोनच खाल्ल्या.

त्याच्याकडे दोन लाख अकरा हजार रुपये होते, आणि ते साधे पैसे नव्हते. कारखान्यात रंग मारणारे पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी करणारा एखादाच असतो. महिपती ती आखणी करायचा. आपल्या कारखान्याची झाली की इतरांचीही करून द्यायचा, आणि या बाहेरच्या आखणीचे पैसे तो सुरभीच्या लग्नानंतर वेगळे ठेवत आला होता. हजारो गणपतींनी ज्या डोळ्यांनी जग बघितलं, त्या डोळ्यांचे हे पैसे. ते बाळ जन्मायच्या आत कॉर्कला पोचले पाहिजेत, आणि महिपती घरतच्या नावाने पोचले पाहिजेत. एवढंच त्याचं म्हणणं होतं.

सल्ले लगेच सुरू झाले. काळुरामने तर पहिल्याच दिवशी काम फत्ते करून दिलं होतं. लंडनला एक खोकं निघालंय, गणपती आतून पोकळ असतो, पाचशेच्या नोटा आत भरायच्या आणि तळाला प्लास्टर लावून टाकायचं. पुढे लंडनहून कॉर्क म्हणजे वडखळहून पेण. महिपतीने विचारलं, की आपल्या पाचशेच्या नोटा तिकडे घेणार कोण? काळुराम म्हणाला, तो सुरभीचा प्रश्न, आपण आपलं पाठवायचं काम करावं. महिपतीला मुख्य राग आला तो देवाला हमाल केल्याचा. तो म्हणाला, जे करायचं ते कायद्याने आणि मोबाईलवरून.

मोबाईलवर बँकेचं ॲप होतं, आणि ॲपमध्ये परदेशी पैसे पाठवायची सोय होती, मराठीतसुद्धा होती. महिपती पंचेचाळिशीत साक्षरता वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकलेला. उशिरा शिकलेल्या माणसाची एक खोड असते: तो प्रत्येक शब्द वाचतो. शाळेत गेलेली माणसं वाचल्यासारखं करून खालचं बटण दाबतात, तसं त्याला जमत नसे. आणि ज्याने कोणी त्या ॲपचं मराठी केलं होतं, तो मराठी माणसांत फारसा उठलाबसलेला नसावा.

पहिल्यांदा ॲप म्हणालं, 'लाभार्थी जोडा'. महिपतीने मोबाईल खाली ठेवला. लाभार्थी म्हणजे ज्याचं नाव घरकुलाच्या यादीत येतं आणि ज्याला ग्रामपंचायतीत खेपा घालाव्या लागतात तो. त्याची मुलगी लाभार्थी नव्हती. एक दिवस त्याने या अपमानात काढला. दुसऱ्या दिवशी सरूने सांगितलं की असे रुसून बसलात तर बाळ शाळेत जाईल, तेव्हा त्याने दात ओठ खाऊन लाभार्थी जोडला. सुरभीने पाठवलेला खात्याचा नंबर चांगला बावीस अक्षरांचा होता, अक्षरं आणि आकडे मिसळलेले, भेळ केल्यासारखे. महिपती तो एकेक अक्षर बोटाने दाबत होता आणि सरू मोठ्याने वाचत होती. त्यातला गोल शून्याचा की इंग्रजी ओचा, यावरून नवरा-बायकोत जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग ॲपने विचारलं, 'निधीचा उगम'. उगम म्हटल्यावर त्याला आधी नदीच आठवली. पण थोडा विचार केल्यावर प्रश्न चांगला वाटला. पैसे कुठून आले, असं माणसाला कधी कोणी आदराने विचारत नाही. त्याने रकान्यात लिहिलं: 'गणपतीचे डोळे'.

शेवटी आला 'पाठवण्याचा उद्देश'. यादी होती. शिक्षण, वैद्यकीय उपचार, भेट, प्रवास, फॅमिली मेंटेनन्स, इतर. महिपतीने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. बाळंतपण नव्हतं. शिक्षण नव्हे. वैद्यकीय म्हणावं तर मुलगी आजारी नव्हती, आणि भरल्या दिवसांत तसं लिहायला त्याचा हात धजेना. भेट म्हणावं तर हे कर्तव्य होतं; भेट आपण दुसऱ्याच्या पोरीला देतो. मेंटेनन्स त्याने नजरेनेच पुढे ढकललं. शेवटी 'इतर' निवडून त्याने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'पहिले बाळंतपण'.

ॲपमध्ये एक गोल चक्र फिरलं. फिरत राहिलं. मग लाल अक्षरं आली: हा पर्याय उपलब्ध नाही, व्यवहार तपासणीसाठी थांबवला आहे, शाखेशी संपर्क साधा.

पेणच्या शाखेत अपेक्षा मॅडम म्हणून एक हसतमुख अधिकारी होत्या. म्हाताऱ्या माणसांना फोनवर घाबरवून पैसे उकळतात, त्याबद्दल त्यांचं नुकतंच दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. समोर एक पासष्टीचा माणूस, घाईत, परदेशात दोन लाख पाठवायला निघालेला, आणि निधीचा उगम म्हणून पडद्यावर 'गणपतीचे डोळे'. त्यांनी हळूच दार लोटून घेतलं, महिपतीला पाणी दिलं आणि अत्यंत मायेने विचारलं, की काका, कुठल्या देवळातले?

हा गैरसमज दूर व्हायला वीस मिनिटं लागली. त्यासाठी महिपतीला बँकेच्या पावतीमागे पेनाने दोन डोळे काढून दाखवावे लागले. डोळे इतके सुरेख उतरले की मॅडमनी ती पावती ठेवून घेतली. पण प्रशिक्षण ते प्रशिक्षण.

"काका, खरं सांगा. तुम्हाला कोणी व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतं का?"

"ठेवते की. रोज अर्धा तास. सोडतच नाय."

"कोण?"

"मुलगी."

"ती पैसे मागते?"

"ती नको म्हणते."

मॅडमच्या प्रशिक्षणात पैसे नको म्हणणारा भामटा आलेला नव्हता. तेव्हा त्यांचा विश्वास बसला, आणि मग त्या खरोखर मदतीला लागल्या, जे जास्त कठीण निघालं. त्यांनी सांगितलं की दोन गोष्टी लागतील. एक, उद्देशात फॅमिली मेंटेनन्सच लिहावं लागेल. जवळच्या नातेवाइकाला तिकडे खर्चायला पैसे पाठवले की बँकेच्या भाषेत तेच नाव. दुसरं, पासपोर्टवर मुलीचं नाव सुरभी आदेश भोईर आहे, ती सुरभी महिपती घरतच आहे याचा पुरावा. म्हणजे विवाह नोंदणीचा मूळ दाखला.

महिपतीने पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. तो तयारीने आला होता. मॅडमनी ती पूर्ण वाचली, छान आहे म्हणाल्या, आणि परत दिली.

दाखल्याचं पुढे बघू, पण त्या शब्दावर महिपती अडून बसला. जोह्यात मेंटेनन्स हा शब्द दोनच ठिकाणी निघतो, पाण्याच्या मोटारीबाबत आणि पेणच्या कोर्टाबाहेर. मोटारीचा प्रश्न नव्हता. आणि कोर्टाबाहेर मेंटेनन्स म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बाईला दरमहा मिळणारे पैसे, तेही मिळाले तर. तो म्हणाला, माझी मुलगी नांदती हाय. मॅडम म्हणाल्या, हो काका, पण लिहायचं मेंटेनन्सच. तो पुन्हा म्हणाला, नांदती हाय. मॅडमना वाटलं काकांना ऐकू कमी येतं. म्हणून त्यांनी दार उघडून, पंख्याच्या वर आवाज काढून, सावकाश सांगितलं:

"काका, मुलीला मेंटेनन्स. आणि तिच्या लग्नाचा दाखला."

बाहेरच्या बाकावर काळुराम बसला होता. त्याला रंगाचे डबे घ्यायला पेणला यायचंच होतं, आणि शेजारधर्म म्हणून तो बँकेपर्यंत आला होता.

काळुराम वाईट माणूस नव्हता. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. फक्त ज्याला त्याला 'कोणाला सांगू नका' एवढं सांगितलं. महिपती विक्रम रिक्षात बसून जोह्याला पोचला, तोवर काळुरामची मोटारसायकल पोचून तास झाला होता. सरू गिरणीवर दळण घेऊन गेली होती. तिथे बायकांनी तिला पुढे जागा दिली, तिचा डबा उचलून ठेवला, आणि एकीने पाठीवरून हात फिरवून सांगितलं, "सरू गो, पोरीची जात, सोसायचं." सरूला वाटलं बाळंतपणाच्या कळांबद्दल बोलतेय. ती म्हणाली, सगळ्यांनाच सोसावं लागतं, आम्ही नाय सोसलं? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणजे महिपतीनेही टाकली होती?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आदेशने सुरभीला टाकली होती. तिसऱ्या दिवशी त्याने तिकडच्या एका मडमेशी घर मांडलं होतं, आणि म्हातारा बाप आखणीच्या पैशांवर पोरीला पोसत होता. काळुरामची मेहुणी नागोठण्याला दिलेली. नागोठण्याहून निडी एक स्टेशन. आदेशचे वडील पुंडलिक भोईर यांच्या कानावर गोष्ट गेली ती त्यांच्या शेताच्या बांधावर, आणि सांगणारा त्यांचा मजूर होता, हे त्यांना जास्त लागलं.

महिपतीने दाखल्यासाठी त्यांना फोन लावला. मूळ दाखला सुरभीने व्हिसाचं काम झाल्यावर सासऱ्यांच्या कपाटात ठेवला होता. पलीकडून पुंडलिकरावांचा नुसता श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा श्वासही आला नाही.

बाळाला बारा दिवस राहिले होते.

अशा वेळी जायचं ते ज्याने सोयरीक जुळवली त्याच्याकडे. नूरमहंमद हा रोह्याचा पेंढ्याचा व्यापारी. निडी भागातल्या शेतकऱ्यांकडून भाताचा पेंढा घ्यायचा आणि जोहे-हमरापूरच्या कारखान्यांना मूर्ती बांधायला विकायचा. असाच एकदा पेंढा उतरवताना तो महिपतीला म्हणाला होता, की ज्याच्या शेतातला हा पेंढा, त्याचा पोरगा लग्नाचा हाय. तेव्हा महिपती सकाळच्या गाडीने रोह्याला उतरला आणि सगळं त्याच्यापुढे मांडलं. नूरमहंमद अठरा वर्षं मस्कतला होता, आणि आता त्याचा मुलगा तिकडेच होता. परदेशातून पैसे कसे येतात यावर तो एक तास बोलला. जातात कसे, यावर त्याने सांगितलं की, तो विषय आपल्या घरात कधी निघाला नाही.

चहा घेऊन आलेली त्याची बायको हमिदा 'मेंटेनन्स' हा शब्द ऐकून थबकली. आत गेली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात रबर लावून ठेवलेले पावत्यांचे गठ्ठे होते. ते तिने महिपतीपुढे ठेवले, पण त्याने हात लावायच्या आत पुन्हा उचलले, ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि नवऱ्याला म्हणाली की रिक्षा बोलवा, हे निडीलाच दाखवायचं.

निडीला पुंडलिकराव ओटीवर बसले होते. त्यांनी तिघांना या म्हटलं, पाणी दिलं, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत बसले. चहाचं नाव नाही. व्याह्याला चहा न विचारणं म्हणजे त्या घरात युद्ध पुकारण्यासारखंच. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीलाच सांगितलं, की मी काल पोराला फोन केला होता. बायकोला सोडलीस तर या दारात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. पोरगा शिफ्टवर होता, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क. म्हणाला, दादा, तुमची तब्येत बरी हाय ना.

महिपती समजावायला लागला, की मेंटेनन्स तसला नव्हे. पुंडलिकरावांनी विचारलं, मग कसला? महिपती म्हणाला, बँकेच्या भाषेतला. टाकलेल्या बायकांना बँकेत वेगळं काय म्हणतात, असं पुंडलिकरावांनी विचारलं. गाडी तिथेच अडली.

तेव्हा हमिदाने एक पावती काढून त्यांच्यापुढे धरली.

"भोईरभाऊ, हे वाचा. फॅमिली मेंटेनन्स. अठरा वर्षं नवऱ्याने पाठवलं, आता पोरगा पाठवतो. प्रत्येक पावतीवर हेच. मला कोणी टाकली नाय. टाकली असती तर हा डबा रिकामा असता."

पुंडलिकरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी पावती बराच वेळ हातात धरली. उलटी होती, ती नूरमहंमदने सुलटी करून दिली. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, की हे पाठवलं तेव्हा हे तुमचे घरधनीच होते? हमिदा म्हणाली, अजून हायत, हे काय तुमच्या खुर्चीवर बसलेत.

आतून चहा आला. न सांगता आला. म्हणजे दाराआड कोणीतरी आधण ठेवूनच ऐकत होतं.

चहाबरोबर पुंडलिकरावांचं दुसरं दुःख वर आलं. आपलं नातवंड, आपला मुलगा, मग पैसे एकट्या घरतांनीच का पाठवायचे? अर्धे आमचे. महिपती म्हणाला, पहिलं माहेरचं. पुंडलिकराव म्हणाले, पेण तालुक्यात असेल. महिपती म्हणाला, रोह्यातही हाय, तुमच्या मुलीच्या वेळी तुम्हीच दिलात. दुसरं बाळंतपण तुमचं, असं महिपतीने उदारपणे देऊन टाकलं. ते कधी, असं पुंडलिकरावांनी विचारलं. ते ॲपमध्ये विचारत नाय, महिपती म्हणाला.

दाखला कपाटातून निघाला, पण पुंडलिकरावांनी तो सोडला नाही. सरकारी कागद आहे, मी स्वतः घेऊन येणार म्हणाले. तीन दिवसांनी इस्त्रीचा सदरा घालून ते निडीहून पेणला आले आणि दोन्ही व्याही बँकेत शिरले.

दाखला बघून अपेक्षा मॅडम खूश झाल्या. उगम 'मूर्तिकाम' झाला, उद्देश 'फॅमिली मेंटेनन्स' झाला, आणि या वेळी महिपतीनेच तो शब्द मोठ्याने उच्चारला, बाकावरच्या लोकांनाही नीट ऐकू जाईल असा. आता फक्त अर्जावर सही राहिली. महिपतीने सही केली. मॅडमनी संगणकात बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा संगणकात बघितलं.

सही जुळत नव्हती.

खातं उघडलं तेव्हा महिपतीला अक्षरओळख संपवून सहा महिने झाले होते. पडद्यावरचा तो नमुना त्याने बघितला. 'म' एका बाजूला कललेला, 'हि' त्याच्यापासून फटकून उभा, 'प'ची 'ती' दूर पडलेली, आणि वरून मारलेली शिरोरेघ वाटेत दोनदा अडखळलेली. त्यानंतर वीस वर्षं त्याने सही घोटली होती. आता ती गणपतीच्या सोंडेसारखी एका वळणात उतरायची. दोनचार गिऱ्हाइकांनी तिची तारीफ केली होती. आणि बँक म्हणत होती, ही तुमची नव्हे.

मॅडमना वाईट वाटलं. त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, अंगठा चालेल. दोन साक्षीदार घेऊ. लगेच होईल."

पुंडलिकराव खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी तेवढी जाण ठेवली.

"अंगठा नाय," महिपती म्हणाला. "माझ्या मुलीला बापाचा अंगठा जायचा नाय."

त्याने कोरा कागद मागितला. पहिली सही केली, ती देखणी झाली. दुसरी मुद्दाम वाकडी केली, तर ती देखणी आणि वाकडी झाली. हात शिकलेला होता. शिकलेलं विसरायचं कसं, याचा वर्ग कोणी काढलेला नाही. पाचव्या सहीला त्याने पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले. साक्षरता वर्गाच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, आधी अक्षरं मांडा, सगळी बसली की वर छप्पर घाला. आता तो छप्पर आधी घालायचा आणि अक्षरं त्याला लटकवायचा. तिथेच फरक पडत होता. त्याने पेन मुठीत धरलं, जीभ दातांत धरली, आणि एकेक अक्षर मांडलं. म, मग हि, मग प, मग ती. सगळी बसली. मग हात उचलून, जरा दूर होऊन बघितलं, आणि डावीकडून छप्पर ओढलं. ते वाटेत दोनदा अडखळलं, आपोआप.

"जुळली," मॅडम म्हणाल्या.

महिपती खुर्चीत मागे टेकून बसला. या शाखेत मोठमोठ्या लोकांच्या सह्या होत असतील, पण पंचेचाळीस वर्षांच्या नवशिक्या महिपतीची सही पासष्ट वर्षांच्या महिपतीलाच करता आली असती, आणि ती त्याने केली होती. पुंडलिकराव घसा साफ करून म्हणाले, की आम्ही तर सातवी शिकलो, पण असं नसतं जमलं.

बटण दाबलं. दोन लाख अकरा हजारांचे युरो झाले, आणि ते दोन हजारांच्या आसपासच भरले, तेव्हा दोघे व्याही एकदम उठले. बाकीचे कुठे गेले, हे समजावताना मॅडमचा चहा गार झाला.

पैसे पाचव्या दिवशी पोचले. सुरभीने पावतीचा फोटो पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी महिपतीचं नाव, मधल्या एका इंग्रजी अक्षराची चूक धरून. त्यानंतर दोन दिवसांनी मुलगी झाली. महिपतीने त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटले, काळुरामला दोन दिले, आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर, सरू बाळाचं नाक कोणावर गेलंय ते ठरवत असताना, अंगण झाडणाऱ्याला विचारावं तसं सहज विचारलं, की हॉस्पिटलवाल्यांनी किती घेतले? पुरले ना?

सुरभी म्हणाली, "बाबा, इथे बाळंतपणाचे घेत नाहीत. सरकार करतं. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, पण पैशांचं काढलं की तुम्ही फोन आईकडे देता."

महिपतीने सवयीने फोन सरूकडे दिला. मग परत घेतला. त्याच्या मुलीचं पहिलं बाळंतपण फुकट? आणि केलं कोणी, तर आयर्लंडच्या सरकारने? त्या सरकारचं आणि आपलं नातं काय? तो म्हणाला, तिथे कोणीतरी साहेब असेल त्याला विचार, पैसे कुठल्या खात्यात भरायचे; अपेक्षा मॅडम पाठवतील. सुरभी हसली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, की भरायला आता उरले नाहीत. खर्च झाले.

कशावर, ते कळलं बाळ पंधरा दिवसांचं झाल्यावर. पुंडलिकराव नात बघायला म्हणून मुद्दाम जोह्याला, महिपतीच्या कारखान्यात आले होते. निडीलाही मोबाईल होता, पण नात माहेरच्या फोनवर बघायची म्हणाले. पडद्यावर आधी नात दिसली, झोपलेली. मग फोन हलला आणि स्वयंपाकघर दिसलं. शेगडीपाशी आदेश उभा होता. कमरेला टॉवेल, खांद्यावर बाळाचं दुपटं, हातात कालथा. कढईत डिंक फुलत होता. सरू पेणच्या पंचायत समितीला शोभेल अशा आवाजात इकडून सूचना देत होती: तूप कमी, आच बारीक, खारीक अजून कूट.

पुंडलिकरावांनी विचारलं की हा आज कामावर का नाय. सुरभीने सांगितलं, दोन आठवड्यांची सुट्टी कंपनीने दिली, ती संपली. पुढची बिनपगारी. बाबांनी पाठवलेत ना, त्यात तीन आठवड्यांचा पगार बसला, म्हणून सव्वा महिना पुरा होईपर्यंत हाच घरी. हाच मला शेक देतो, हाच तेल लावतो, मला पाण्यात हात घालू देत नाही.

पुंडलिकरावांच्या डोक्यात हिशोब जुळत होता, आणि जो जुळत होता तो त्यांना झेपत नव्हता.

"म्हणजे व्याहीबुवा," ते शेवटी म्हणाले, "आमचा पोरगा सध्या तुमच्या रोजावर हाय?"

कारखान्यातले कारागीर ब्रश थांबवून ऐकायला लागले. पलीकडून काळुराम कुंपणाशी आला. महिपतीला वाटलं असतं तर तो त्या दिवशी काहीही म्हणू शकला असता, आणि ते तालुकाभर गेलं असतं. त्याने आखणीचा ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला टिपला.

"रोजावर नाय," तो म्हणाला. "तो सध्या सुरभीचं माहेर हाय."

पुंडलिकरावांनी हे तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. मग सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या, पुढे वाकले, आणि मोबाईलमध्ये तोंड घालून, कॉर्कपर्यंत तसाच जावा एवढ्या आवाजात म्हणाले, "आदेश, लाडू नीट वळ रे. घरतांचं नाव हाय त्याच्यावर."